दादाची दारू सोडवताना

वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्या माणसाला घरच्या घरी, एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. बाकी सगळं पुढे सांगते, पण हे आधी. माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर बेतलं ते पिणं अचानक थांबल्यामुळे, आणि त्या वेळी आमच्या अख्ख्या गोतावळ्यात हे माहीत असलेला एकही माणूस नव्हता.

दादा तुर्भ्याच्या भाजी मार्केटात एका गाळ्यावर कामाला. तिथे गाड्या रात्री लागतात, पहाटे सौदे होतात आणि उन्हं वर येईपर्यंत माणसं मोकळी होतात. बाकीची नवी मुंबई कामाला निघते तेव्हा यांची झोपायची वेळ होते. डोळा लागावा म्हणून सकाळी थोडी घ्यायची, अशी त्याची सुरुवात झाली. काही वर्षांत झोपेतून उठून बसायलाही घ्यावी लागू लागली. हात इतके कापायचे की वजनाच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी दोन घोट पोटात जावे लागत. कोपरखैरण्याला त्याच्या घरी गेले की वहिनी मला म्हणायची, "वन्सं, हे आता मजेसाठी पीत नाहीत. हात थांबावेत म्हणून पितात." पुढे डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं त्याचं सार तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे माळ घालायची. माळ घातल्यावर पुन्हा बाटलीला न शिवलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे त्या वाटेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कार्तिकीला आप्पांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, दादाला आळंदीला नेलं. त्याने मनापासून माळ घातली आणि त्या क्षणापासून थेंब घेतला नाही. तिथून गावी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं अंग घामाने भिजलं, अन्न पोटात ठरेना, आणि संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्याला फीट आली. दातखीळ बसली, जीभ चावली गेली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चाललेल्या दिसू लागल्या. त्या झटकायला तो उठत होता, आईला ओळखत नव्हता. कुणी म्हणालं माळ सोसली नाही, कुणी म्हणालं बाहेरचं झालंय. वहिनीच्या भावाने कुणाचंही न ऐकता जीप काढली आणि त्याला कराडला दवाखान्यात नेलं, म्हणून दादा आज आहे.

माळेचा यात काही दोष नव्हता, दादाच्या निश्चयाचाही नव्हता. ठाण्यातल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला ते असं सांगितलं: दारू मेंदूवर ब्रेकचं काम करते. चढावर ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला आणि तरी गाडी पुढे न्यायची असेल, तर त्याला ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागेल. रोज पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षं तसाच ॲक्सिलरेटर दाबून चालत राहतो. दारू एकदम बंद झाली की ब्रेक सुटतो, पण ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. म्हणून थरथर, घाम, छातीत धडधड, उडालेली झोप. हे शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून सुरू होऊ शकतं. फीट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तो भयंकर भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ताप चढतो, रक्तदाब वाढतो, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू येऊ शकतो. एकदा फीट येऊन गेली असेल तर पुढच्या वेळी दारू थांबवताना ती येण्याची शक्यता आणखी वाढते. दारू सोडताना प्रत्येकालाच असं होतं असं नाही. पण कुणाला होईल हे घरातल्या माणसांना ओळखता येत नाही, डॉक्टरला बऱ्याच अंशी येतं.

कराडहून परतल्यावर दादा काही आठवड्यांतच पुन्हा प्यायला लागला. मग जो तो उपाय सुचवू लागला. ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यात 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशी स्टिकरं चिकटवलेली असतात. एका नातेवाइकाने त्यातलीच पावडर आणून वहिनीच्या हातात ठेवली, आमटीत कालवायला. वहिनीने ती घातली नाही, माझ्याकडे आणून दिली. त्या पुडीत काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण डॉक्टरबाई ती पाहून खूप अस्वस्थ झाल्या. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, दारूच्या उपचारात १९५० च्या आसपासपासून वापरलं जातं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लालभडक होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयाचा आजार असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून ते औषध माणसाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. नकळत दिलं तर ती विषाची परीक्षा ठरते. घरातल्या बाईच्या हाताने हे करवून घेणाऱ्या जाहिरातींचा मला मनापासून संताप येतो.

दुसरा सल्ला होता 'उचलून नेण्याचा'. एका केंद्रावर मी आणि माझे मिस्टर जाऊन आलो. तिथल्या माणसाने सांगितलं, पत्ता द्या, रात्री गाडी आणि चार पोरं पाठवतो, महिनाभर फोन नाही, भेट नाही. मी विचारलं, डॉक्टर कधी येतात? 'लागले तर बोलावतो.' नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं, तर विषय बदलला. आम्ही परत फिरलो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात, म्हणजे माझ्या भावालाही त्या कायद्याचं संरक्षण आहे. अशा आजारावर भरती करून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी असावी लागते. रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. रुग्ण स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने भरती होतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, काळजी घेण्याची क्षमता नसेल, तर त्याच्या वतीने नामनिर्देशित व्यक्ती अर्ज करू शकते, पण त्यालाही तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मुदतीची मर्यादा असते. केंद्र शोधणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टर, नोंदणी आणि भेटीची परवानगी या तीन गोष्टी तोंडावर विचाराव्यात. उत्तर देताना समोरचा चाचरला तर उठावं.

दादा शेवटी स्वतःच्या पायांनी आला. का आला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फीटची भीती होती, थोरल्या मुलाने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, मालकानेही सांगून पाहिलं होतं. आईला मात्र धसका बसला. आमच्या भागात कुणी विचित्र वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, त्याची ही छाया. मी तेवीस-चोवीस वर्षांची असताना लग्न होऊन ठाण्यात आले, तेव्हापासून हे ऐकत आलेय. आईला मी एवढंच म्हटलं, साखर वाढली तर साखरेच्या डॉक्टरकडे नेतो ना, तसंच हे. दादाला एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवलं.

तिथली पहिली तपासणी मला फार महत्त्वाची वाटली. डॉक्टरबाईंनी 'का पितोस' हे विचारलंच नाही. किती, केव्हापासून, शेवटचा घोट किती वाजता, पूर्वी फीट आली होती का, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का, असं विचारत गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ऑडिट नावाची. एकूण गुण ४०, आणि २० किंवा त्याहून जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून पूर्ण तपासणी करतात. दादाचे त्याहून बरेच वर गेले. मग हिशेब मांडला. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. तीस मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. दादा दिवसाला दोन क्वार्टर संपवायचा, कधी तीन. कागदावर ते ग्रॅम लिहिलेले पाहून तो पहिल्यांदा गप्प बसला. आम्ही इतकी वर्षं त्याला शिव्या, शपथा, विनवण्या दिल्या, पण त्याच्या पिण्याचं मोजमाप त्याच्यापुढे कुणी ठेवलं नव्हतं.

रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली निघाली, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. ही अवस्था दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत सुधारू शकते, सिरॉसिस झाल्यावर मात्र ते यकृत पूर्ववत होत नाही, असं सांगितलं. दादाचं वेळेवर कळलं.

वॉर्डातले पहिले दिवस मी आणि वहिनी आलटून पालटून थांबलो. नर्स दर काही तासांनी येऊन त्याला हात समोर धरायला सांगायची, कपाळाचा घाम बघायची, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे विचारायची. त्यावर गुण द्यायची आणि त्या गुणांवर गोळीचा डोस ठरायचा. झोपेच्या गोळीच्या घराण्यातलं ते औषध होतं. दारूने सोडलेला ब्रेक काही दिवस तात्पुरता सांभाळायचा आणि रोज थोडा थोडा कमी करत आणायचा, हे त्याचं काम. म्हणूनच ते मनाने विकत घेऊन द्यायचं नसतं. त्याची स्वतःचीच सवय लागू शकते आणि दारूबरोबर पोटात गेलं तर श्वास मंदावू शकतो.

अजून एक गोष्ट तिथेच कळली, ती गावाकडच्या प्रत्येक दवाखान्यापर्यंत जावी असं मला वाटतं. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. अशा माणसाला अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिन खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन आणि मग ग्लुकोज.

शेजारच्या खाटेवर एमडी या ड्रगचं व्यसन लागलेला कॉलेजातला मुलगा होता, त्याच्या पलीकडे वर्षानुवर्षं गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढलेला एक गृहस्थ. त्यांचे हाल बघवत नव्हते. गर्द सोडताना अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, माणूस तळमळतो, पण त्या तळमळीने जीव जाण्याची वेळ क्वचित येते. दारूच्या बाबतीत येऊ शकते. परवाना असलेल्या दुकानात उघड मिळणारी गोष्ट थांबवणं एवढं धोक्याचं असू शकतं, हे मला तिथे बसून पचवायला वेळ लागला.

आठवड्याभरात दादा ओळखू येईना इतका निवळला. नीट जेवायला लागला, हात स्थिर झाले. आईला वाटलं, झालं बरं. पण इथे फक्त शरीरातली दारू उतरली होती. खरं काम पुढे होतं, निवासी पुनर्वसनाचं. या वाटेवर महाराष्ट्रात मोठं काम उभं राहिलं ते पुण्याच्या मुक्तांगणमुळे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेलं वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा अवचटांनी ते केंद्र उभं केलं. ठाण्यातही डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था सुरू केल्यापासून मनाच्या आजारांबद्दल मराठीत मोकळेपणाने बोललं जातं. आमच्यासारख्या घरांना 'समुपदेशन' हा शब्द परका वाटत नाही, त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत. दादाला आम्ही घरापासून जवळच्या एका केंद्रात ठेवलं, वहिनीला दर आठवड्याला जाता यावं म्हणून.

तिथे कुटुंबांची बैठक असायची. त्यातल्या एका बैठकीत वहिनीने जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही. समुपदेशक सांगत होते की व्यसन हा आजार आहे, मेंदूच्या बक्षीस देणाऱ्या यंत्रणेत बदल होतात, माणूस वाईट म्हणून पीत नाही. वहिनी उभी राहिली. "आजार म्हणता, तर माझ्या कानाखाली वाजवली तो पण आजार का? मंगळसूत्र गहाण टाकलं तो पण आजारच का?" सगळा हॉल शांत झाला. समुपदेशकांनी टाळलं नाही. म्हणाले, आजार झाला यात त्यांचा दोष नाही, पण उपचार घेणं आणि केलेल्या वागण्याची जबाबदारी घेणं हे त्यांचंच काम. मारहाण सहन करणं हा बायकोच्या कर्तव्याचा भाग नाही, त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे आणि नवरा उपचारात असला तरी तो लागू आहे.

मला हे फार मोलाचं वाटतं. व्यसन आजार आहे असं म्हणणारे बरेचदा नकळत सगळा भार घरातल्या बाईवर टाकतात. तिने समजून घ्यावं, तिने चिडू नये, तिने डबा द्यावा, तिने गोळ्या द्याव्यात. वहिनी किती वर्षं झोपली नव्हती हे कुणी विचारत नव्हतं. मुलांचंही तसंच. व्यसनाकडे कल असण्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानतात. आमचे वडीलही प्यायचे. दादाच्या मुलांना आणि माझ्या मुलाला आम्ही हे स्पष्ट सांगितलं आहे, भीती घालायला नाही, घरात मधुमेह असला की मुलांना सांगतो तसं.

केंद्रातून बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी अकॅम्प्रोसेट सुरू केलं. पिण्याची ओढ कमी करणारी दोन मुख्य औषधं आहेत, नॅल्ट्रेक्सोन आणि हे. दादाच्या यकृताची अवस्था पाहून त्यांनी हे निवडलं. दिवसातून तीन वेळा दोन-दोन गोळ्या घ्यायच्या. वहिनीने त्या त्याच्याकडेच सोपवल्या, ती मोजत बसत नाही. संध्याकाळी तो एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जाऊ लागला. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरताना सुरू केलेली ही संघटना. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगायचं नाही. माणसं मराठीत, हिंदीत आपापलं बोलतात आणि बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. तिथे त्याला मार्केटातलाच एक जुना हमाल भेटला. तो बरीच वर्षं न पिता जगत होता आणि दादाला ते माहीतच नव्हतं. माझ्या मते सगळ्या उपदेशांपेक्षा त्या भेटीने त्याला जास्त धीर दिला.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी ओढ उसळते, असं तिथे शिकवतात. दादाच्या बाबतीत थकवा सगळ्यात मोठा होता, म्हणून रात्रपाळी सोडणं भाग होतं. मालकाने सकाळच्या हिशेबावर बसवलं. पगार थोडा कमी झाला, पण आता तो रात्री झोपतो.

मग गावच्या जत्रेत तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः मला फोन केला. आप्पा म्हणाले, सगळं पाण्यात गेलं. तसं नाही. व्यसन हा उलटणारा आजार आहे, दम्यासारखा, रक्तदाबासारखा, आणि उलटला की उपचार पुन्हा बघायचे असतात. दोन दिवसांत तो ठाण्याला येऊन डॉक्टरबाईंपुढे बसला. या वेळी पिणं फार लांबलं नव्हतं, त्यामुळे भरती व्हावं लागलं नाही. गोळ्या चालू राहिल्या, मीटिंग वाढवल्या, आणि पुढच्या जत्रेला वहिनी आणि मुलांबरोबर सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं ठरलं.

एम्सच्या तज्ज्ञांनी २०१९ साली मांडलेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतात सुमारे २.९ कोटी माणसं दारूवर अवलंबून असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांच्यातल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांच्या घरात माळा, पुड्या, शपथा आणि मारामाऱ्या चालू असतील. कुणाला कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६. मराठीतही बोलता येतं. फोन घरच्यांनीही करावा, पिणारा तयार होण्याची वाट बघू नये. आणि अचानक दारू थांबलेल्या माणसाला फीट आली, तो बरळायला लागला, तर फोनवर सल्ला घेत न बसता सरळ रुग्णालय गाठावं.

वहिनी आता घणसोलीच्या एका शाळेत पोळीभाजीचे डबे देते. दादाचं एटीएम कार्ड तिच्याकडेच आहे. दादाने ते अजून मागितलेलं नाही, आणि कधी द्यायचं हे तीच ठरवणार आहे.